मॉरिशसच्या कड्यांवरचे साहस

'साहस' हा शब्द आज आपण कौतुकाने उच्चारतो. एखाद्या मुलाने सुळका सर केला, एखादी मुलगी होडीतून समुद्र ओलांडून आली, की वर्तमानपत्रे त्या कृत्याला साहस म्हणतात आणि आपण मान डोलावतो. आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांनी मात्र हा शब्द फार निराळ्या ठिकाणी बसविला होता. मनूने जी अठरा व्यवहारपदे, म्हणजे राजाने निवाडा करावयाचे अठरा विषय सांगितले, त्यांत साहस हे एक पद आहे. आणि तेथे त्याचा अर्थ बळाच्या जोरावर, दंडाची पर्वा न करता केलेला अपराध असा आहे. दंडाच्या रकमांनाही हेच नाव पडले. 250 पणांचा दंड तो प्रथम साहस, 500 चा मध्यम, आणि 1000 चा उत्तम. तेव्हा कोणाला 'उत्तम साहस' मिळाले असे त्या काळी कानांवर आले असते, तर घरच्या मंडळींनी पेढे वाटले नसते, डोक्याला हात लावला असता.

अपराध आणि पराक्रम हे एकाच शब्दाचे दोन अर्थ कसे झाले याचा शोध भाषाशास्त्रज्ञांनी घ्यावा. आम्हांला आज त्या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच कड्यावर शेजारी शेजारी दाखवावयाचे आहेत, आणि तो कडा आहे हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर. आज या बेटावर जगभरचे प्रवासी साहसी खेळांसाठी जातात. कोणी डोंगर चढतात, कोणी दोर लावून धबधबे उतरतात, कोणी पतंगाला स्वतःस बांधून घेऊन लाटांवरून धावतात. हे खेळ नवे आहेत, पण ज्या कड्यांवर आणि ज्या पाण्यात ते चालतात तेथे माणसे प्रथम खेळासाठी गेली नव्हती. कडा तोच, चढण्याची तऱ्हाही बरीचशी तीच. पण चढणारा कोण आहे हे पाहून एकाच्या चढण्याला गुन्हा म्हणावयाचे आणि दुसऱ्याच्या चढण्याला क्रीडा, असा हा इतिहास आहे.

बेट लहान आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ 1,865 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडचा एखादा मोठा तालुका. सर्वांत उंच शिखर अवघे 828 मीटर. आपल्या कळसूबाईच्या निम्म्याने ते किंचित अधिक भरेल, आणि सह्याद्रीत पाय मुरलेल्या माणसाला हा आकडा ऐकून हसू येईल. पण येथे आकड्यांना महत्त्व नाही. हे डोंगर एकेकाळच्या प्रचंड ज्वालामुखीच्या मोडक्या काठाचे उरलेले दात आहेत, आणि ते जवळजवळ समुद्रसपाटीपासून एकदम उभे राहतात. त्यांचा दगडही आपल्या ओळखीचा आहे. तो काळा बसाल्ट, आपल्या गडकिल्ल्यांचा पाषाण. ही नुसती सारखेपणाची गोष्ट नव्हे. भूशास्त्रज्ञांचे आज सर्वसाधारणपणे असे मत आहे की, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातील ज्या उष्ण झोतातून दख्खनचे पठार ओतले गेले, तोच झोत पुढे, भारतभूमी उत्तरेकडे सरकत गेल्यावर, समुद्राच्या तळातून वर येत राहिला. लक्षद्वीप, मालदीव, चागोस यांच्या खालचा पाया त्याने घातला. 80-90 लाख वर्षांपूर्वी त्यातूनच मॉरिशस वर आले, आणि शेजारच्या रियुनियन बेटावर तो अद्याप धगधगतो आहे. रायगडाचा टकमक कडा आणि मॉरिशसचा पीटर बोथ हे या हिशेबाने एकाच चुलीवरचे. पुढे कोकणातली माणसे या बेटावर गेली तेव्हा त्यांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण दगड त्यांच्या हाताला अनोळखी लागला नसेल.

बेटावर मूळचे रहिवासी कोणी नव्हते. 1598 मध्ये डच आले आणि त्यांनी आपल्या राजपुत्राच्या नावावरून त्याला मॉरिशस म्हटले. 1638 पासून त्यांनी वसाहत करून पाहिली, मध्ये सोडली, पुन्हा केली, आणि 1710 मध्ये कंटाळून कायमची सोडली. डोडो नावाचा उडता न येणारा पक्षी त्यांच्या काळात नामशेष झाला, हे सर्वांना माहीत असते. त्यांनी आणलेले मादागास्करचे गुलाम रानांत पळून जात, हे मात्र थोड्यांना माहीत असते. डचांमागून फ्रेंच आले. 1715 मध्ये त्यांनी बेटावर हक्क सांगितला, 1721 पासून वस्ती केली, नाव बदलून 'इल द फ्रान्स' ठेवले, आणि मादागास्कर व मोझांबिककडून गुलाम आणण्याचा धंदा मोठ्या प्रमाणावर मांडला. थोडे गुलाम आपल्या देशातूनही नेले गेले.

पळालेल्या गुलामाला फ्रेंच भाषेत 'मारून' म्हणत. या मारूनांसाठी 1723 च्या डिसेंबरात जो कायदा या बेटांकरिता काढण्यात आला, तो वाचताना मनूचे साहसाचे पद आठवल्याखेरीज राहत नाही. फरक इतकाच की येथे दंड पणांत मोजलेला नाही. महिनाभर पळालेल्याचे कान कापावे आणि खांद्यावर डाग द्यावा, दुसऱ्यांदा पळाल्यास गुडघ्यामागची शीर तोडावी, तिसऱ्यांदा देहान्त. दुसरी शिक्षा मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. ती पायाला आहे. मालकांचे वैर माणसाशी होते त्याहून अधिक त्याच्या चढणाऱ्या पायांशी होते, कारण पळण्याला बेटावर दोनच दिशा होत्या. एक वर डोंगरात आणि दुसरी बाहेर समुद्रात. 1768 ते 1770 या काळात बेटावर राहिलेल्या बेर्नार्दें द सँ-प्येर या फ्रेंच लेखकाने आपल्या प्रवासवर्णनात मारूनांच्या शिकारीचे वर्णन केले आहे, आणि होडी चोरून मादागास्कर गाठण्याचा प्रयत्न करणाऱ्यांचीही हकीकत दिली आहे. हा लेखक पुढे 'पॉल आणि व्हर्जिनी' या कादंबरीमुळे युरोपभर गाजला. त्या कादंबरीमुळे युरोपीय वाचकाला मॉरिशस म्हणजे निष्पाप प्रेमाचे नंदनवन वाटू लागले, आणि आजची प्रवासी कचेऱ्यांची पत्रके त्याच नंदनवनाचा व्यापार करतात. प्रवासवर्णन तितके खपले नाही. खपत नसते.

1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले आणि जुने डच नाव परत आणले. आता आम्ही ज्या चढाईकडे वळणार आहोत, ती या इंग्रजी अमलातली आहे, आणि बेटाच्या गिर्यारोहणाच्या इतिहासाचा आरंभ म्हणून तिचाच उल्लेख सर्वत्र केला जातो.

राजधानी पोर्ट लुईच्या मागे जी डोंगररांग आहे, तिच्यात पीटर बोथ हे 820 मीटरांचे शिखर आहे. 1615 मध्ये मॉरिशसच्या किनाऱ्यावर जहाज फुटून बुडालेल्या एका डच गव्हर्नर जनरलचे हे नाव. शिखराचा आकार चमत्कारिक आहे. निमुळत्या होत गेलेल्या सुळक्याच्या टोकावर एक प्रचंड धोंडा ठेवल्यासारखा बसला आहे. त्याचा माथा मोठा आणि मान बारीक, त्यामुळे धोंडा चहूबाजूंनी मानेच्या बाहेर लोंबतो. लोक सांगतात की, तो मूळचा एक दूधवाला. डोंगरात त्याला पऱ्या नाचताना दिसल्या. कोणाला सांगशील तर दगड होशील, असे त्यांनी बजावले. त्याने सांगितले आणि तो दगड झाला. अशा धोंड्यावर चढावयाचे म्हणजे भिंत चढून वर पुन्हा छज्जा बाहेरून ओलांडण्यासारखे. 1790 साली एका फ्रेंच माणसाने आपण वर जाऊन आलो असे सांगितले होते, पण इंग्रजांचा त्यावर विश्वास नव्हता.

त्या वेळी बेटाचा सर्व्हेअर जनरल होता कॅप्टन लॉइड. बोलिव्हारच्या सांगण्यावरून पनामाच्या संयोगभूमीची मोजणी केलेला हा माणूस. अंगात कामाची धमक आणि डोक्यात थोडे वेड. त्याने आदल्या वर्षी या सुळक्यावर एक प्रयत्न करून पाहिला होता. 7 सप्टेंबर 1832 रोजी तो पुन्हा निघाला. बरोबर फिलपॉट्स, केपेल आणि टेलर हे तीन लेफ्टनंट, आणि शिड्या, दोर, पाणी, खाद्यपेये वाहणारे काळे गडी व शिपाई. या टेलरने चढाईचा वृत्तान्त पत्राने इंग्लंडला कळविला, आणि लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात तो 1833 मध्ये छापला गेला. वृत्तान्त मोठा रंगतदार आहे. लेखक तरुण आहे, खुशीत आहे, आणि जे पाहिले ते लपवून ठेवण्याची त्याला बुद्धी नाही. इतिहासकाराला असा साक्षीदार फार उपयोगी पडतो.

दरीतून, झाडाझुडपांना धरून, ही मंडळी सुळक्याच्या खांद्याशी पोहोचली. पुढे उभा कडा. गेल्या वर्षीची शिडी तेथे होती, पण तिच्या वरचा दोर पावसापाण्याने कुजलेला. त्यावर भार टाकावयाला कोणी धजेना. तेव्हा लॉइडचा एक काळा गडी पुढे झाला. त्याने कमरेला एक बारीक दोरी बांधली, शिडीच्या टोकापासून कड्याच्या फटीत हातपाय रोवले, आणि त्या कुजक्या दोराला हात न लावता तो वर चढत गेला. एखादा दगड निसटता किंवा पाय चुकता, तर खाली दरी होती. खाली उभे असलेले अधिकारी श्वास रोखून पाहत होते, आणि तो मात्र शांतपणे, घाई न करता चढत होता, असे टेलर मोकळेपणाने लिहितो. काही वेळाने मानेखालून त्याची हाक आली, की सर्व ठीक आहे. त्याच्या दोरीने मग जाड दोर वर गेला, पक्का बांधला गेला, आणि त्या दोराला धरून इंग्रज अधिकारी वर पोहोचले.

त्या माणसाचे नाव टेलर देत नाही. त्याच्या पायांची पकड मात्र त्याच्या नजरेत भरली होती. हे लोक पायांनी दगड असा धरतात की जणू हातच, असे सांगताना त्याला उपमा सुचते ती माकडाची. चार अधिकाऱ्यांची नावे, हुद्दे आणि पलटणी नीट छापलेल्या आहेत.

मानेभोवती एक अरुंद कंगोरा होता. त्याच्यावर उभे राहिले की डोक्यावर धोंड्याचा छज्जा. यापुढचा भाग खरोखर लॉइडचा, आणि त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. धोंड्यावरून पलीकडे दोरी टाकल्याशिवाय शिडी वर जाणार नव्हती. त्याने दोरी बांधलेले लोखंडी बाण करून आणले होते. कमरेला दोर बांधून, तो साथीदारांच्या हातांत देऊन, हा गृहस्थ कड्याच्या बाहेर मागे झुकला आणि बंदुकीतून बाण माथ्यावरून पलीकडे मारू लागला. दोन वेळा बाण फुकट गेले. मग त्याने दोरीला दगड बांधून भिरकावण्यास आरंभ केला. दगड जाई, घसरे, दरीत कोसळे. शेवटी क्षणभर वारा फिरला आणि दगड पलीकडे पडला. दोरी, मग जाड दोर, मग शिडीचे तीन तुकडे जोडून ती शिडी वर ओढण्यात आली. ती ओढताना खालच्या धारेवर उभे राहून तिला स्थिर ठेवणारे पुन्हा काळे गडीच होते. लॉइड ओरडत, किंकाळ्या मारीत वर गेला, मागून तिघे लेफ्टनंट गेले, आणि माथ्यावर इंग्लंडचे निशाण फडकले. बंदरातल्या 'अनडॉन्टेड' या युद्धनौकेने तोफांची सलामी दिली, किनाऱ्यावरच्या मोर्च्याने तिला जबाब दिला. वर मद्याची बाटली उघडून राजाच्या नावाने पेले रिकामे झाले, आणि शिखराचे 'किंग विल्यम्स पीक' असे बारसे झाले. रात्र त्यांनी मानेपाशी कुडकुडत काढली आणि निळ्या दारूचे दिवे पेटवून खालच्या शहराला आपण जिवंत असल्याची खूण दाखविली.

तोफांची सलामी आम्हांला थोडी विचारात पाडते. चार हौशी अधिकारी डोंगर चढले याचा बंदराने एवढा गाजावाजा का करावा? त्या वर्षाच्या घडामोडी पाहिल्या म्हणजे एक तर्क मनात येतो. 1832 च्या जूनमध्ये गुलामगिरीचा कट्टर विरोधक जॉन जेरेमी हा बेटाचा सरकारी वकील म्हणून येऊन दाखल झाला होता. गुलामांचे मालक असलेल्या फ्रेंच मळेवाल्यांनी शहर बंद पाडले, दुकाने मिटली, आणि इंग्रज गव्हर्नराला जुलै संपता संपता जेरेमीला जहाजावर बसवून परत पाठवावे लागले. सरकारची अशी नाचक्की होऊन सहा आठवडेही झाले नव्हते, तोच शहराच्या डोक्यावरच्या शिखरावर, सर्वांना दिसेल असे, इंग्रजी निशाण लागले. लॉइडने हा बेत राजकारणासाठी केला असे आम्ही म्हणत नाही; त्याने तो वर्षभर आधीच मनात घेतला होता. पण तोफा डागणाऱ्यांना त्या दिवशी तो डोंगर नुसता डोंगर वाटला नसावा.

आणि ज्यांच्यासाठी जेरेमी आला होता, त्यांच्यापैकीच एक जण दोरी कमरेला बांधून सर्वांच्या आधी मानेपर्यंत चढला होता. 1832 साली मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायदेशीर होती. ती 1 फेब्रुवारी 1835 रोजी उठली. तेव्हा सुमारे 66 हजार माणसे कागदावर मोकळी झाली, आणि 20 लाख पौंडांहून अधिक नुकसानभरपाई देण्यात आली; ती गुलामांना नव्हे, मालकांना. मोकळ्या झालेल्यांना 'उमेदवारी' या गोंडस नावाखाली आणखी चार वर्षे त्याच मालकांकडे राबावे लागले.

येथे महाराष्ट्रातल्या श्रोत्याला रायगडची हिरकणी आठवणे स्वाभाविक आहे. योगायोग असा की तीही दूध विकणारीच. दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल, म्हणून ती अंधारात कडा उतरली. ती खेळासाठी उतरली नव्हती, आणि गडाच्या शिस्तीप्रमाणे पाहिले तर तिने नियम मोडला होता. दंतकथा सांगते की महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधून त्याला तिचे नाव दिले. ही कथा अक्षरशः किती खरी, हा वाद आम्ही येथे काढीत नाही. नियम मोडून कडा उतरलेल्या बाईचे नाव बुरुजाला असावे असे एका समाजाला वाटले आणि त्याने ते तीनशे वर्षे जपले, एवढे तरी खरे आहे. पीटर बोथच्या मानेखाली त्या गड्याच्या नावाचा दगड नाही. 'किंग विल्यम्स पीक' हे नावही टिकले नाही म्हणा. राजा पाच वर्षांत वारला आणि शिखर पुन्हा बुडालेल्या डचाचे झाले.

लॉइडची आणखी एक हकीकत सांगण्याचा मोह आवरत नाही. चढाईनंतर चार वर्षांनी, 1836 च्या एप्रिलअखेर, 'बीगल' जहाज पोर्ट लुईला लागले, आणि त्यावरून चार्ल्स डार्विन उतरला. तोही हौसेने डोंगर चढला. पीटर बोथ नव्हे, शेजारचा 'ल पूस', म्हणजे अंगठा. नाव आकारावरून पडलेले. लॉइडने त्याला आपल्या घरी ठेवून घेतले आणि बेटावरच्या एकुलत्या एका हत्तीवरून फिरविले. तो हत्ती लॉइडचा होता. एवढे मोठे जनावर पावलांचा आवाज न करता चालते याचे डार्विनला नवल वाटले. पण त्याच्या रोजनिशीतली आमच्या दृष्टीने महत्त्वाची नोंद हत्तीची नाही. बेटावरच्या सडकांवर त्याने हिंदी कैदी राबताना पाहिले. जन्मठेपेवर पाठविलेले, काळेसावळे, पांढऱ्याशुभ्र दाढीमिशांचे म्हातारे. त्यांचे रुबाबदार चेहरे पाहून तो थबकला. 1815 पासून 1837 पर्यंत बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून असे सुमारे दीड हजार कैदी मॉरिशसला धाडण्यात आले आणि त्यांना रस्त्यांच्या कामाला जुंपण्यात आले. मुंबई इलाख्याचे म्हटल्यावर त्यांत आपल्या मुलखातली माणसे आलीच. आज प्रवासी ज्या रस्त्यांनी डोंगराच्या पायथ्याशी जातो, त्यांतल्या कितीतरींचा पहिला दगड या लोकांनी बसविला.

कैद्यांमागून मजूर आले. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'ॲटलस' जहाजातून 36 करारबद्ध मजूर उतरले, आणि पुढच्या पाऊणशे वर्षांत पोर्ट लुईच्या धक्क्यावर सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे उतरली. त्या धक्क्याला आज 'आप्रवासी घाट' म्हणतात, आणि 2006 पासून तो जागतिक वारसास्थान आहे. बहुसंख्य मजूर कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी आणि कोकणपट्टीतली मराठी माणसे होती. त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये मराठी म्हणून ओळखले जातात. गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि कोकणातली जाखडी तेथे 'झाकरी' या नावाने नाचली जाते.

या मंडळींचा डोंगरांशी संबंध कसा आला, हे पाहावयाचे तर एका कायद्याकडे वळले पाहिजे. 1867 च्या मजूर कायद्याने जुन्या, करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेला दाखला जवळ बाळगणे भाग पडले. दाखल्याशिवाय आपल्या हद्दीबाहेर सापडला की तो 'भटक्या' ठरे आणि तुरुंगात जाई. मळ्यावर एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा रोज कापला जाई. हा जाच इतका वाढला की आडॉल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्याने 1871 मध्ये हजारो मजुरांच्या सह्यांनिशी गव्हर्नराकडे अर्ज केला, आणि इंग्लंडहून चौकशीमंडळ आले. आमच्या विषयापुरते पाहावयाचे ते इतकेच, की युरोपातली सुखवस्तू माणसे आल्प्सवर पायी फिरण्याचे मंडळ काढून त्याची वार्षिके छापीत होती, त्याच दशकात मॉरिशसमधल्या हिंदी माणसाने परवान्यावाचून पायी फिरणे हा गुन्हा होता. त्याचे पायच तेवढे अपराधी.

12 मार्च 1968 रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. त्या वर्षी तेथे जेमतेम 15 हजार प्रवासी आले. 2018 मध्ये ही संख्या 14 लाखांच्या आसपास होती. ऊस हेच एक पीक असलेल्या देशाला वाळू, प्रवाळ आणि डोंगर ही नवी पिके सापडली. 1974 मध्ये अमेरिकेत मॉरिशसच्या तामारँ उपसागरातील लाटांवर एक चित्रपट निघाला. लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्यांना ही जागा कळू नये म्हणून चित्रपटकारांनी बेटाचे खरे नाव लपविले आणि खोटे नाव दिले, 'संतोष'! लपविलेले नाव अर्थातच लवकर फुटले. 1994 मध्ये काळ्या नदीच्या दऱ्यांचे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि पायी फिरण्यासाठी तेथे वाटा आखल्या गेल्या. परवाना मागणारा शिपाई आता तेथे उभा नसतो.

आँरिएता गावाजवळून तामारँ नदी सात टप्प्यांनी दरीत उतरते. दोर लावून तो धबधबा उतरणे हा आज प्रवाशांचा आवडता खेळ आहे. हे गाव आणि आसपासचा मुलूख मॉरिशसमधल्या मराठी वस्तीचा जुना भाग. शिरस्त्राण आणि पट्टे चढवून प्रवासी जेथून खाली उतरावयाला लागतात, त्या काठापासून थोड्या अंतरावर भाद्रपदात गणपती बसतात.

शेवटी ले मॉर्न. बेटाच्या नैऋत्य टोकाला, समुद्रात घुसलेल्या भूशिरावर, 556 मीटर उंचीचा हा एकाकी बसाल्टचा गड आहे. तिन्ही बाजूंनी पाणी, आणि वर जाण्याची वाट एकच, तीही मध्ये एका खिंडीने तुटलेली. मारूनांनी तो निवडला यात नवल नाही; कोणत्याही मराठ्याने हाच निवडला असता. वरच्या गुहांतून माणसांच्या राहण्याच्या खुणा सापडल्या आहेत. बेटावरची क्रिओल मंडळी अशी कथा सांगतात की, 1 फेब्रुवारी 1835 रोजी गुलामगिरी संपल्याची बातमी सांगावयाला शिपायांची तुकडी ले मॉर्नकडे गेली. वरच्या लोकांना वाटले आपल्याला धरावयाला आले. आणि परत साखळदंडांत जाण्यापेक्षा त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. या घटनेला कागदाचा आधार नाही, आणि इतिहासकाराने तसे म्हटलेच पाहिजे. पण त्याबरोबर हेही म्हटले पाहिजे की कागद ज्यांच्या हातात होते ते डोंगराच्या खाली होते. कथा तोंडोतोंडी आणि सेगा गाण्यांतून टिकली, आणि 2008 मध्ये ले मॉर्न जागतिक वारसास्थान झाले ते तिच्याच बळावर. शेंकडो वर्षांचे भव्य देवालय किंवा राजवाडा तेथे काही नाही. एक कडा आहे आणि पळून गेलेल्यांची आठवण आहे.

त्या कड्यावर पुष्कळ वर्षे सर्वसामान्यांना जाता येत नसे, कारण पायथ्याची जमीन खाजगी मालकीची. 2016 पासून वाट मोकळी झाली, आणि आता पहाटेपासून रांगा लागतात. वाटाड्या दोर दाखवितो, पाय कोठे ठेवावा ते सांगतो, खिंडीच्या बाजूला बोट करतो आणि गोष्ट सांगतो. लॉइडच्या काळी काळा माणूस पुढे चढून दोर बांधी आणि गोऱ्याचे नाव छापले जाई. आज वाटाड्याला त्याची मजुरी मिळते आणि गोष्ट तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. हा फरक लहान नाही. तरीही एक गोष्ट आम्हांला खटकते. प्रवासी पत्रकांत चढाईचे तास, अवघडपणा, पाण्याच्या बाटल्या यांना ओळींवर ओळी, आणि मारूनांना एक ओळ, तीही बहुधा 'रोमांचक' या विशेषणासह.

डोंगराच्या पायथ्याशी गुलामांच्या व्यापारमार्गाचे स्मारक आहे, आणि त्याच्यापुढच्या उथळ खाडीवर जगातले उत्तम पतंगस्वार येतात. येथे आग्नेयेचा व्यापारी वारा भूशिराला वळसा घालून पाण्यावर एकसारखा वाहतो. जून ते सप्टेंबर त्याचा जोर सर्वांत अधिक, म्हणून तोच या खेळाचा हंगाम. रंगीत पतंग वाऱ्यात भरतात, स्वार पश्चिमेकडे भरधाव सुटतो, प्रवाळाच्या बांधापर्यंत जातो आणि सफाईने वळून किनाऱ्याला परत येतो. बांधापलीकडे, त्याच वाऱ्याच्या दिशेने, आठशेहून अधिक किलोमीटरांवर मादागास्कर आहे. होडी चोरून निघालेल्यांनाही वारा हाच लागत असे, कारण घराकडे नेणारा दुसरा वारा या समुद्रात नाही.